बाबांच्या पिशवीतला फोन

समोर बंद पडलेला फोन आला की माझी भूक मरते, असं माझी बायको म्हणते. खोटं नाही. पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा चुलीपाशी सोडून सगळीकडे माझाच पसारा असायचा. उघडून ठेवलेले कीपॅडचे फोन, सोल्डरिंगची तार, कुठल्याशा भंगारातल्या ट्रकमधून काढलेले जीपीएस रिसीव्हर, आणि कशाला बसतील ते मलाही ठाऊक नसलेले चार्जर. नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. ती पोटासाठी. हे मात्र माझं होतं, आणि त्याला कुणी 'खेळणी' म्हटलं की माझं डोकं फिरायचं. शेजारपाजारचे आमच्याकडून फोन नीट करून न्यायचे आणि जिना उतरता उतरता म्हणायचे, याला दुसरा उद्योग नाही. भिंती पातळ असतात, मला सगळं ऐकू यायचं.

बाबा एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. सारी हयात उरण, करंजा, पेण याच रस्त्यांवर गेली. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग आज वार कुठला, मग माझ्या बायकोचं नाव. फिरणं मात्र सुटलं नाही. सकाळचा चहा झाला की खांद्याला पिशवी अडकवायची, चालत डेपो गाठायचा, बाकड्यावर बसून फलाटाला गाड्या लागताना बघायच्या आणि जेवायला घरी. त्या बाकड्यावरून येताना त्यांच्या चेहऱ्यावर कामावरून आलेल्या माणसाचा थकवा असायचा. मला तो बघायला आवडायचा.

एका दुपारी ते जेवायला आलेच नाहीत. पार दुसऱ्या टोकाच्या सोसायटीच्या फाटकाशी, वॉचमनच्या खुर्चीवर बसलेले सापडले. त्याच संध्याकाळी माझी मोठी बहीण आली. ती बेलपाड्याला दिलेली, आणि बोलायला फटकळ.

"दाराला कुलूप लाव," ती म्हणाली. "उद्या गाडीखाली आला तं काय करशील? मानूस गेला तं परत नाय मिलत."

"कुलूप लावायला ते काय गोठ्यातलं जनावर आहेत?"

"मंग काय करशील तू?"

मी म्हटलं, मला थोडे दिवस दे. बायकोला मी विचारलंच नाही. घरात दिवसभर त्यांच्याबरोबर तीच असायची, म्हणजे खरं तर तिलाच विचारायला हवं होतं.

मी एक जुना फोन घेतला. त्याच्या पाठीतली जागा कोरून आत छोटा जीपीएस रिसीव्हर बसवला. सुरुवातीला बॅटरी दुपारीच मान टाकायची, कधी उंच इमारतींमध्ये उपग्रह सापडायचे नाहीत. पण शेवटी जमलं. त्या फोनला मिस्ड कॉल दिला की तो उलटा मेसेज पाठवायचा: अक्षांश आणि रेखांश. कॉम्प्युटरवरच्या नकाशात ते आकडे टाकले की बाबा कुठे आहेत ते कळायचं. पिशवीत काहीतरी वाजलं तर बाबा दचकतील, म्हणून मी त्यातला स्पीकर काढला, थरथरणारी मोटरही काढली. बायकोने पिशवीला आतून कप्पा शिवून दिला. शिवाय तिने बाबांच्या सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरला आतल्या बाजूने, धोब्याच्या खुणेच्या शाईने, आमचा नंबर लिहून टाकला. मी हसलो होतो.

ते महिने सुखाचे गेले. कारखान्यात बसल्या बसल्या मी मिस्ड कॉल द्यायचो. डेपोचे आकडे मला तोंडपाठ झाले होते, नकाशा उघडायचीही गरज पडायची नाही. ताईला मी फोनवर ऐकवायचो, बाबा आता अमक्या चौकात आहेत, आता डेपोत बसलेत.

"उंटावरून शेल्या हाक तू," ती म्हणायची. पण तीही निवांत झाली होती. बाबा एकटे जात होते, एकटे येत होते, दार उघडं होतं. इतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही.

मग एप्रिलातला तो दिवस उजाडला. दुपारी बायकोचा फोन आला, अहो, बाबा अजून जेवायला नाहीत आले. मी मिस्ड कॉल दिला. आकडे डेपोचे. म्हटलं, बसले असतील गप्पा मारत, कुणीतरी जुनं भेटलं असेल. थोड्या वेळाने पुन्हा तेच आकडे. शेवटी तिलाच राहवलं नाही. ती भर उन्हात डेपोवर गेली. बाकडं रिकामं होतं.

चौकशीच्या खिडकीतला माणूस बाबांना ओळखत होता. तिने विचारलं तर तो म्हणाला, "काका ना? सकाळीच येऊन गेले. गाडीत कुणाचा तरी फोन राहिला होता, तो जमा केला त्यांनी." आणि त्याने खण उघडून माझा फोन तिच्यासमोर ठेवला.

गाडीत राहिलेली वस्तू डेपोत जमा करायची, हा कंडक्टरचा नियम. बाबांसाठी तो नियम म्हणजे देवाची आण होती. छत्री असो की सोन्याची पुडी, त्यांनी आयुष्यात कधी दुसऱ्याची वस्तू घरी आणली नाही. आणि बाबांनी स्वतःचा फोन कधी वापरलाच नव्हता. पिशवीत हात घातला, फोन लागला, आपला तर नव्हे, म्हणजे कुणा पॅसेंजरचा. घडलं ते एवढंच. सगळं विसरलेल्या माणसाला नेमकं तेवढं आठवत होतं. सकाळपासून तो फोन त्या खणात मुकाट्याने मला उत्तरं देत होता. स्पीकर असता तर खिडकीतल्या माणसाने तरी तो उचलला असता.

मी कारखान्यातून तसाच निघालो. डेपो, बाजार, तलावाची पाळ, सरकारी दवाखाना, सगळीकडे फिरलो. ताई तिकडून आली आणि माझ्याबरोबर शोधू लागली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. जगातल्या कुठल्याही उपग्रहाला आता माझा बाप दिसत नव्हता. मी त्या गर्दीत लहान पोरासारखा रडकुंडीला आलो होतो.

दिवस कलताना बायकोच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. करंजाहून एक कोळीण बोलत होती.

"तुमचा म्हातारा हाय का हरवलेला? सदऱ्याला नंबर हाय ह्यो. इथं मासली वालत टाकलीय तिथं हुभा हाय कवाचा. जेवाला नाय बोलतो, पानी पेला."

म्हणजे सकाळी फोन जमा करून ते जुन्या सवयीने करंजाच्या गाडीत चढले होते. आम्ही रिक्षा करून गेलो. बाबांच्या पायात चपला नव्हत्या. तापलेल्या जेटीवरून चालून तळव्यांना फोड आले होते, एक गुडघा सोलवटला होता. त्या बाईने स्वतःची ओली फडकी त्यांच्या पायांना गुंडाळली होती. मला बघून बाबा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "गाडी कवाची लागलीय, कोनी चढतच नाय."

रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप आणलं. ताई रात्री आमच्याकडेच राहिली होती, पण तिने एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. बायको बाबांच्या पायांना मलम लावत होती. मी दाराला आतून भोकं पाडली, कडी बसवली, स्क्रू आवळले. माझ्या हाताला हत्यारांची सवय आहे, काम झटकन झालं. त्याचा मला फार राग आला.

चहा झाला. बाबा लंगडत उठले, पिशवी खांद्याला अडकवली आणि दाराशी आले. दार ढकललं. पुन्हा ढकललं. मग माझ्याकडे वळून काळजीने म्हणाले, "दार लागलाय रं. उघड, कोनतरी खाली राह्यलाय."

"कोणी नाही राहिलं, बाबा."

"बघल्याबिगर सांगू नको."

मी कुलूप काढून दार उघडलं. बाबांनी जिन्यात डोकावून खालपर्यंत पाहिलं, वर पाहिलं. ताई ओढणीत तोंड खुपसून रडत होती. जिन्यात कोणी नाही याची खात्री पटली तसे बाबा आत आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि पिशवी मांडीवर घेतली.

"कोनी नाय," ते म्हणाले. "मार दोन घंट्या, सोड गाडी."

मी दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं.