पदरावरचा फोटो

घरात त्याला सगळे फोटोदादा म्हणत. मामाचा रोलचा कॅमेरा हाती आल्यापासून लग्न असो की बारसं, कॅमेरा याच्याच गळ्यात. त्यामुळे घरच्या अल्बमात शेजारच्यांची शेळीसुद्धा आहे, फक्त आमच्या स्वारीचा पत्ता नाही. आईला याची भारी चुटपुट. "तुझा-माझा एकत्र एक फोटो नाही रे भिंतीवर," ती म्हणायची. "काढू की! पळून का जातोय मी?" हा म्हणायचा. आणि मग गेलाच की! परदेशात, एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायला.

तिसऱ्या वर्षीही रजा नाकारली, त्याच दिवशी जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याला मामाच्या कॅमेऱ्याचा सख्खा भाऊ दिसला. दुकानदार म्हातारा मोठा खट.

"फोन असताना हे लोढणं कशाला?"

"आईचा फोटो काढायचाय. कागदावरचा."

"मग आण की तिला इथे."

याने नुसताच हातातला कॅमेरा उलटसुलट केला. म्हाताऱ्याने काय ओळखायचं ते ओळखलं आणि मुकाट्याने कॅमेऱ्यात रोल भरून दिला.

रविवारी दुपारी त्याने खिडकीपाशी फोन टेकवून आईला व्हिडिओ कॉल लावला. ती ठेवणीतली काळी साडी नेसून, पावडर लावून, पाठ ताठ करून बसली होती.

"हसू का नको?"

"हस की."

"दात पडलाय रे पुढचा."

तो कधी पडला, हे याला ठाऊकच नव्हतं. त्याला इतकं भरून आलं, की समोरचं काही दिसेना. डोळे पुसले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि खटका दाबला.

रोल धुऊन आला, तर फोटो चक्क बिघडलेला. आई पुसट, आणि तिच्या काळ्या पदरावर फोनच्या काचेतलं याचंच प्रतिबिंब. टाकून द्यायला मात्र हात धजेना. तसाच पाकिटात घालून त्याने तो पोस्टाने घरी पाठवला.

मिळाल्या मिळाल्या आईचा फोन.

"अरे, आलो की आपण एका फोटोत! लहानपणी निजायचास, तिथेच आलायस बघ, माझ्या पदरावर."

त्याला हसू आवरेना. पलीकडून मात्र एकदम "अगं बाई!" ऐकू आलं.

"काय गं, काय झालं?"

"यातसुद्धा तोंडापुढे कॅमेराच आहे रे तुझ्या," आई म्हणाली. "मी लावते हा भिंतीवर. तेवढं तोंड दाखवायला ये आता."