एकच घोंगडी

माझा मोठा भाऊ मला मारायचा. यात तक्रार नाही, आमच्या घरची ती रीतच होती. वडील त्याला मारायचे, तो मला मारायचा आणि मी धाकटा असल्यामुळे बैलांवर राग काढायचो. पाणी उशिरा सोडलं म्हणून थापड, सायकल पंक्चर करून आणली म्हणून थापड. एकदा त्याने विळा फेकून मारला होता, त्याची खूण अजून पिंढरीवर आहे. मीही काही गरीब गाय नव्हतो. चावायचो.

अमळनेरला कॉलेजात गेल्यावर मी शेफारलो. डोंगर चढण्याच्या एका शिबिराला आठ दिवस जाऊन आलो आणि दोरीच्या चार गाठी शिकून नाकाने कांदे सोलू लागलो. त्या जानेवारीत कापसाची वेचणी संपत आली, तेव्हा भाऊच म्हणाला, "चाल, तुन्हा डोंगर दखाड माले." आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या पुढे चालायला मिळणार होतं. सातपुड्यातला एक उंच सुळका मी नक्की केला. चढायचं, वर कड्याखाली मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी उतरायचं.

निघायच्या सकाळी पाहतो तर भाऊच्या डोक्यावर कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा. पाठीवरच्या पिशवीत भरताची वांगी, मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि भाजलेली वांगी ठेचायची लाकडी बडगी. जंगलात जाताना घरून सरपण नेणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिला नाही. मी विचारलं, "डोंगरमा लाकडं नहीत का?" तो म्हणाला, "कपाशीना काड्यांवर भाजेल नही, ते भरीत नही." एसटीच्या कंडक्टरने आधी कुरकुर केली, पण कारण कळल्यावर भारा स्वतः टपावर चढवला. खानदेशात भरतापुढे कायदा चालत नाही.

पायथ्याच्या पाड्यावरून एक पावरा आदिवासी वाटाड्या बरोबर घेतला. चाळिशीचा, कमी बोलणारा. चढ उभा होता. वाळलेल्या गवतावरून पाय घसरत होते, हाताला धरावं तो दगड सुटून खाली जात होता. भाऊचा भारा प्रत्येक झुडपात अडकायचा आणि तो झुडपाच्या आईबहिणीचा उद्धार करायचा. मी मुद्दाम थांबत नव्हतो. एका अरुंद जागी भारा कड्याला घासला, तो हेलपाटला, एका गुडघ्यावर आला आणि गुडघा फुटला. मी वरून म्हणालो, "फेकी दे तो कचरा." तो रक्ताळल्या पायाने वर आला, भारा नीट खाली ठेवला आणि माझ्या मानेत अशी हाणली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग भारा पुन्हा डोक्यावर घेतला. वाटाड्या दुसरीकडे पाहत बिडी ओढत होता.

दुपार कलली तेव्हा आम्ही कड्याखालच्या कपारीत पोचलो. वाटाड्याने वर बोट दाखवलं. खडकाच्या घडीत काळपट पट्टे लोंबत होते. मोडक्यातोडक्या अहिराणीत तो म्हणाला, "आठे इस्तो नका पेटाडा. वर आग्या मोहोळ शे. खाले झिराजोडे रांधा." आणि डबा घेऊन पाणी आणायला खाली झऱ्याकडे गेला.

झऱ्याजवळ वारा सोसाट्याचा होता. तिथे काड्या उडाल्या असत्या, वांगी कच्ची राहिली असती. भाऊ म्हणाला, खाली जाऊ. मी म्हणालो, इथेच. ते पोळं जुनं आहे, रिकामं आहे, मला कळतं. खरं तर मला काही कळत नव्हतं. मानेवरची थापड अजून जळत होती आणि आज एकदा तरी त्याने माझं ऐकायला हवं होतं. त्याने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ऐकलं. काडी मी ओढली.

कपाशीच्या काड्या भसकन पेटतात. पहिल्या वांग्याची साल तडकली तोवर धूर खडकाला धरून सरळ वर गेला होता. आधी आवाज आला, दूरवर ट्रॅक्टर चालू व्हावा तसा. मग वरचा काळा पट्टा सुटून खाली कोसळला.

पहिली मधमाशी माझ्या पापणीवर बसली. नंतर मोजायला वेळ नव्हता. कानात, नाकात, शर्टाच्या आत. भाऊ दोन्ही हातांनी स्वतःच्याच तोंडावर चापट्या मारत होता. आमच्याकडे घोंगडी एकच होती, रात्री दोघांत पांघरायला आणलेली. ती माझ्या पायाशी होती. मी ती ओढली, खडकाच्या खोबणीत शिरलो आणि गुंडाळून घेतली.

भाऊ आला. त्याने घोंगडीचं टोक पकडलं आणि खेचलं. तो माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा, पण माझी पाठ खडकाला होती. मी आतून दोन्ही मुठींनी घोंगडी धरली. त्याने पुन्हा खेचली, उजेडाची फट पडली, दोन माश्या आत आल्या. तो माझं नाव घेत होता. मी पाय आखडून घेतले आणि दोन्ही पायांनी त्याला लाथ घातली. टोक सुटलं. दगड गडगडल्याचा आवाज झाला, मग त्याचं ओरडणं खाली खाली जात राहिलं. मी घोंगडी आणखी घट्ट आवळली. हे मी घाबरून केलं असं म्हणण्याची सोय आहे, आणि पाचावर धारण बसली होती हेही खरं. पण लाथ बसली त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.

वाटाड्याने त्याला झऱ्याच्या डोहात पाहिलं. तोंड बाहेर काढलं की माश्या तुटून पडत होत्या, बुडवलं की श्वास कोंडत होता. वाटाड्याने हिरव्या पाल्याचा धूर केला, त्या धुरात भाऊला ओढून काढलं. माश्या पांगल्यावर मी खाली गेलो. भाऊचं तोंड ओळखू येत नव्हतं. डोळे बुजलेले, ओठ उलटलेले, श्वासाला शिटी वाजत होती. वाटाड्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातातल्या घोंगडीकडे पाहिलं आणि ती माझ्या हातून हिसकावून घेतली. तिची झोळी करून बांबूला बांधली. एक टोक त्याने धरलं, एक मी. उतरताना झोळी दोनदा खडकावर आपटली. मी सगळी वाट एकच घोकत होतो, हा मरू नये. आणि हेही, की वाचला तर सांगेल.

वाचला. तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात त्याचा एक डोळा उघडला. आई उशाशी बसली होती. तिने मला न्याहाळलं आणि विचारलं, हा इतका कोरडा कसा सुटला? मी तोंड उघडलं, पण भाऊ आधी बोलला. "मीच त्याले घोंगडी दिधी. धाकला शे ना तो."

आईने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. मला त्याचा असा राग आला की मी उठून व्हरांड्यात गेलो आणि भिंतीवर मूठ आपटली.

वर्षभराने शेतात, औत जुंपताना, मी त्याला म्हणालो, त्या दिवशी मी तुला लाथ मारली होती.

"माले माहीत शे," तो म्हणाला. "छातीवर लागनी व्हती." आणि बैलाच्या मानेवर जू ठेवलं.

मी तिथेच उभा राहिलो, गाल पुढे करून. त्याने हात उचलला नाही, पुढेही कधी नाही. मी विहिरीवरची मोटार जाळली, त्याच्या सासरच्यांसमोर त्याला शिव्या घातल्या, उभ्या कपाशीत गुरं सोडली. तो गुरं हाकलून यायचा, पाय धुवायचा आणि बायकोला सांगायचा, आधी त्याला वाढ. आमच्या घरात परक्या माणसावर कोणी हात उचलत नसे.