दुसऱ्या मजल्यावरच्या बदल्या

आमच्या डोक्यावर राहणाऱ्या सुभेदारांचं स्वयंपाकघर आज नेमकं कुठे आहे, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा माणूस अगदी परवापरवापर्यंत, नऊ वर्षांत अख्ख्या साताऱ्यात झाला नव्हता. वास्तविक घर ते केवढं! हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. आमच्या सोसायटीतल्या बारा फ्लॅटांपैकी अकरा जणांनी बिल्डरने दिलं तसं घर मुकाट्याने पदरात घेतलं आणि त्यातच पडदे लावून समाधान मानलं. सुभेदारांनी मात्र खांब आणि तुळया सोडून एकही गोष्ट दोन वर्षांवर एका जागी राहू दिली नाही. आमची ही एकदा हळदीकुंकवाला गेली आणि हात धुवायला म्हणून ओळखीच्या दाराने आत शिरली, तर समोर सुभेदार नुसत्या गंजिफ्रॉकमध्ये इस्त्री करत उभे. त्यांच्याकडे वाईचे एक गुरुजी येतात. त्यांनी या एकाच घराची चार वेळा वास्तुशांत केली आहे. ते पुढेपुढे जिना चढण्याआधी आमची बेल वाजवायचे आणि पिशवी सावरत विचारायचे, "या खेपेला देव कुठल्या भिंतीला?" आम्हाला तरी कुठून ठाऊक असणार? आम्ही त्यांना पाणी द्यायचो आणि वर पाठवायचो.

सुभेदार मूळचे उंब्रजजवळच्या एका गावचे. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, आणि दर दोन-तीन वर्षांनी ट्रंक उचलायची सवय अंगात अशी मुरली की निवृत्त झाल्यावर त्यांची बदली करणारं कोणी उरलं नाही याचाच त्यांना त्रास होऊ लागला. शेवटी ते स्वतःच स्वतःची बदली करू लागले. जायला दुसरी जागा नव्हती, त्यामुळे घरालाच हलावं लागलं. एकदा मी चिडून कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सर, एका जाग्याव लय दिस ऱ्हायलं, की वरची मानसं मला इसरून गेल्यात असं वाटतंय." फौजेत क्वार्टर सोडताना म्हणे सगळ्याची यादी करून द्यावी लागते: नळ किती, खुंट्या किती, तडकलेल्या काचा किती. तशी यादी ते प्रत्येक तोडफोडीआधी करत. 'सोडणार' म्हणून वहिनींची सही घेत आणि 'ताबा घेणार' म्हणून स्वतःची ठोकत. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. सुभेदारांच्या सगळ्या नोकरीभर त्या गावाकडे ऊस आणि सासू सांभाळत राहिल्या, एकाही बदलीवर त्यांचं जाणं झालं नाही. सही करून कागद परत देताना त्या मला म्हणायच्या, "भावजी, बदली म्हंजी काय आसतीया, ते मला आता कळाय लागलंय."

या बदल्यांची झळ सर्वांत जास्त कुणाला बसली असेल तर ती मला. मी निवृत्त शिक्षक, म्हणजे दुपारी झोपण्याचा हक्क पस्तीस वर्षं वर्ग घेऊन मिळवलेला माणूस. नेमक्या त्याच वेळी वर ब्रेकर सुरू व्हायचा, मग फरशी कापायचं यंत्र, मग जड काहीतरी ओढत नेल्याचा आवाज, आणि मग बहुधा ते परत ओढून आणल्याचा. एका बदलीत त्यांनी मोरी माझ्या पुस्तकांच्या बरोबर वर आणली आणि तीन आठवड्यांत माझे शब्दकोश फुगून दुप्पट झाले. मी सोसायटीच्या सभेत त्यांना वाट्टेल ते बोललो. सुभेदार सावधान उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता डोक्याला पंचा गुंडाळून, शिडी घेऊन ते आमच्या दारात हजर. त्यांनी स्वतः आमच्या छताचं प्लास्टर केलं, न सांगता सगळ्या खोलीला रंग दिला, शब्दकोश गच्चीवर पान न् पान वाळवले आणि जाताना सलाम ठोकून गेले. अशा माणसावर राग धरायचा तरी कसा, ते मला आजतागायत जमलेलं नाही.

वहिनी या घरात भिंतीला हात लावून चालायच्या. आम्ही सगळे त्यावर हसायचो. त्या कपाच्या शेजारी चहा ओतत, देवाजवळ काडी ओढून निरांजन शोधत, बटण समजून भिंतीवरचं कॅलेंडर दाबत. रोज हलणाऱ्या घरात दुसरं काय होणार, असं आमची ही म्हणायची. सुभेदारही म्हणायचे, की नव्या पोस्टिंगला सुरुवातीला असंच होतं, महिन्याभरात पाय आपोआप शिकतात. वहिनी स्वतःही तेच समजून चालल्या होत्या.

मग मागच्या श्रावणात एका सकाळी वहिनी दूध घेऊन वर चढताना जिन्यात पडल्या. लागलं फारसं नाही, मनगट मुरगळलं. आवाज ऐकून मी बाहेर आलो, सुभेदार वरून धावत आले. त्यांनी वहिनींना बसवलं, मनगट पाहिलं आणि मग तसेच उकिडवे बसून पायऱ्यांकडे बघत राहिले. जिना सोसायटीचा, त्यामुळे त्याला हात लावायची परवानगी त्यांना कधीच मिळालेली नव्हती. ते हळूच म्हणाले, "जिना तर हाय तितंच हाय की."

त्याच दिवशी ते वहिनींना घेऊन मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. काचबिंदू निघाला. गेली दोन वर्षं नजर कडेकडेने विरत चालली होती, आणि गेलेली परत येत नाही. थेंब घालून उरलेली टिकली तर टिकली. डॉक्टरांनी बजावलं की यापुढे घरातली वस्तू न् वस्तू जागच्या जागी असली पाहिजे. परत आल्यावर सुभेदार आमच्या हॉलमध्ये बसले. चहाला हात लावला नाही. "दोन वर्सं तिची नजर जात हुती, सर, आन मी भिंती पाडत बसलो हुतो," ते म्हणाले. वहिनी शेजारीच होत्या. त्यांनी चाचपत त्यांचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं. "आवं, मलाच उमगलं न्हाई, तर तुमास्नी कसं उमगावं? मला वाटायचं, ह्येनीच दिवा हलीवला."

चार दिवस वरून कसलाही आवाज आला नाही. पाचव्या दिवशी सुभेदार टेप आणि वही घेऊन खाली आले. त्यांनी वहिनींना विचारलं होतं, की इतक्या वर्षांत कुठलं घर तुझ्या पायांना पाठ आहे? त्या म्हणाल्या, पहिलं, बिल्डरनं दिलेलं; नंतरचं एकही पाठ झालं नाही. पण त्या पहिल्या घराची वर खूणही शिल्लक नव्हती. मी मात्र निव्वळ आळसापोटी आमच्या घरातला खिळासुद्धा हलवलेला नव्हता. सुभेदारांनी दोन दिवस आमचं घर मोजलं: उंबऱ्यापासून ओटा किती, बटण किती उंच, कुठलं दार कुठल्या अंगाला उघडतं. वर काम चालू असताना वहिनी आमच्याकडे येऊन चालायचा सराव करायच्या. एक हात भिंतीला, ओठांत पावलं मोजणं. मी पेपर तोंडासमोर धरून बसायचो, कारण मला ते बघवत नव्हतं. दोन वर्षं आपण यांनाच हसलो, याची मनापासून लाज वाटत होती.

आता वरचं घर अगदी आमच्या घरासारखं आहे. तिथे पाहुण्याने खुर्ची बोटभर सरकवली तरी सुभेदार उठून ती जागेवर आणतात. पण हातांची शिवशिव कुठे जाणार? दुपारी चार वाजता ते खाली येतात, दाराशी घुटमळतात, आणि टेबल खिडकीखाली घेतलं तर उजेड बरा येईल का, असं अगदी पडेल आवाजात विचारतात. नऊ वर्षं भांडलेला मी निमूट उठतो आणि टेबलाची दुसरी बाजू धरतो. या दोन महिन्यांत आमचा दिवाण तीन खोल्या फिरून आला. आमच्या हिला रोज सकाळी चष्मा शोधावा लागतो, पण तीही काही बोलत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं कपाट हलवत होतो. मध्येच सुभेदार थांबले. कपाटाची एक कड त्यांच्या हातावर, आणि मान वर. वरती वहिनींची पावलं स्वयंपाकघरातून निघाली होती. हॉलच्या दारापाशी ती अडखळली नाहीत. हॉल ओलांडून तशीच एका लयीत गॅलरीपर्यंत गेली आणि थांबली. सुभेदारांच्या हाताची शीर तटतटली होती, पण कपाट खाली ठेवायचं भान त्यांना नव्हतं. "पोचली," ते म्हणाले. आम्ही दोघांनी कपाट अलगद टेकवलं, आणि ते कुठल्या भिंतीला न्यायचं होतं हे दोघांपैकी कुणालाच आठवेना.