एका पातेल्याचं जेवण

लढाई लागली तशी शेजारच्या क्वार्टरमधल्या भाऊंनी बायकोमुलं नागपूरला पाठवली आणि संसार एका पातेल्यावर आणला. ते कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरत. ब्लॅकआउट सुरू व्हायच्या आत तांदूळ, मूगडाळ, पालक, दुधी सगळं एकत्र शिजवत, पातेल्यातूनच जेवत आणि लगेच ते घासून पालथं घालत.

"ताटाशी भांडण झालं काय, भाऊ?" मी एकदा विचारलं.

"उद्या वापस नाही आलो, तर बायकोनं येऊन माझं खरकटं काहून घासावं जी?" ते हसत म्हणाले.

कारखान्यात भिण्यासारखं काही नाही, असं मोठे साहेब भाषणात सांगत. भाषण मात्र फाटकाबाहेरच्या मैदानात होई.

एका दुपारी धमाक्यानं आमच्या खिडक्या थरथरल्या. मी फाटकाकडे धावलो. उन्हं उतरताना भाऊ बाहेर आले. "बाजूची शेड गेली," एवढंच बोलले.

घरी त्यांनी दोघांपुरतं शिजवलं. पहिल्याच घासाला थांबले.

"मीठ टाकलं का मी? चवच समजून नाही राहिली. अन् उद्या सकाळची पाळी आहे; तिथं असं विसरून कसं चालंल?"

मी खाऊन पाहिलं. मीठ नव्हतं.

"बरोबर पडलंय," मी म्हणालो, आणि आम्ही दोघांनी ते संपवलं.