भिंतीकडे तोंड करून उभे राहणारे साटमकाका

दत्ताराम साटम यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे लिहू का, असं मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, भांडण लिहा आणि ती नाशिकची बेअरिंगही लिहा, नाहीतर लेख देऊच नका. म्हणून दोन्ही लिहिते आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडजवळ माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. तिच्या सासऱ्यांच्या जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनातल्या फिरत्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, धरून ठेवणाऱ्या बेअरिंग्ज झिजून गेल्या होत्या आणि ट्रॅक्टर बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नरचं, म्हणजे लेथवर धातू कातण्याचं, काम शिकवते, त्यामुळे हे लोढणं आपसूक माझ्या गळ्यात आलं. सुट्या भागांचे सगळे बाजार पालथे घातले. जो तो म्हणे, भंगारात काढा. शेवटी कुणीतरी चिंचपोकळी स्टेशनजवळच्या गल्लीतले साटममिस्त्री सुचवले. झिजलेल्या बेअरिंग्ज पिशवीत घालून मी गेले. सोबत मी स्वतः काढलेलं ड्रॉइंग होतं, इंजिनाच्या शाफ्टची बारीकसारीक मापं टाकलेलं. त्या ड्रॉइंगचा मला भलताच अभिमान होता.

काकांनी ते उजेडात धरून नीट पाहिलं, सुंदर आहे म्हणाले आणि विचारलं, शाफ्ट कुठे आहे? कराडला, मी म्हटलं. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"बाई, पाय बघितल्याशिवाय चप्पल कशी शिवू? शाफ्ट घेऊन या."

मी तापट आहे, हे माझे विद्यार्थी सांगतील. जे काही बोलायचं ते बोलून मी तणतणत बाहेर पडले. पंधरा दिवसांनी मुकाट्याने टेम्पोतून शाफ्ट आणला. काकांनी त्यावर निळा रंग चोपडला, बेअरिंग बसवून फिरवली आणि रंग कुठे लागला ते मला फक्त दाखवलं. शाफ्ट एका अंगाने झिजून लंबगोल झाला होता आणि मी तो एकाच बाजूने मोजला होता. पहिल्या महिन्यातल्या मुलांना ज्या चुकीसाठी मी उभं करते, तीच ही चूक. काका हसले नाहीत. त्यांनी चहा मागवला. त्यानंतरच्या शनिवारपासून मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले.

काका मूळचे मालवणकडचे. उमेदीची वर्षं त्यांनी परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये काढली. तिथे मोठ्या यंत्रांच्या बेअरिंग्ज जागच्या जागी ओतल्या जात. गिरणी बंद झाली तेव्हा सोबतीच्या अनेकांनी कसब गुंडाळून ठेवलं आणि मिळेल ते काम धरलं. काकांनी चिंचपोकळीत छोटासा गाळा घेतला आणि ज्या इंजिनांना जगात कुठेही बेअरिंग मिळत नाही, ती इंजिनं आपली मानली. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतांत आणि हौशी लोकांच्या अंगणांत त्यांच्या हातच्या बेअरिंगवर जुने ट्रॅक्टर चालतात. त्यांचे मालक हा ग्रंथ वाचत असतीलच.

त्यांचं काम पाहणं हा मोठा आनंद आहे. बेअरिंगचा जुना धातू उतरवून आतल्या कवचाला आधी कल्हई करायची, आपल्या पितळी भांड्यांना करतात तशीच. मग त्यावर वितळलेला पांढरा धातू, म्हणजे कथिलाचं मऊ मिश्रण, ओतायचा. धातू पुरेसा तापला की नाही हे काका सुक्या लाकडाची काडी बुडवून ठरवतात. काडी नुसती तांबूस झाली तर ओतायचं, पेटली तर थांबायचं. मी संस्थेतून तापमान मोजायचं यंत्र नेलं, तर त्याचा आकडा त्यांनी कुतूहलाने वहीत टिपून घेतला आणि काडीही बुडवली. शेवटची परीक्षा कानाची. तयार बेअरिंग दोरीला टांगून हलकेच ठोकायची. खणखणीत वाजली तर धातू कवचाला घट्ट धरून आहे. बद्द वाजली तर आत कुठेतरी पोकळी आहे.

माणूस म्हणून ते कसे आहेत, याची एकच आठवण सांगते. माझे वडील परळच्या रुग्णालयात होते, तेव्हा त्यांच्या पत्नी सुमनकाकूंनी केलेला डबा घेऊन काका रोज दुपारी येत. वडील वरळीच्या बीडीडी चाळीतले, तेही जुने गिरणी कामगार. काका त्यांच्याशी गिरणीतल्या जुन्या खात्यांबद्दल बोलत, आणि वडील झोपले की बाकावर माझ्या शेजारी गप्प बसून राहत. त्या दिवसांत मला धीर कुणी दिला असं विचारलं, तर मी त्या गप्प बसण्याचं नाव घेईन.

आता नाशिकची बेअरिंग. दोन वर्षांपूर्वी तिकडच्या शिंदे नावाच्या बागायतदारांचं काम होतं. काकांनी बेअरिंग टांगली, ठोकली आणि मान डोलावली. मी शेजारीच उभी होते. मला आवाज बद्द वाटला. पण काकांनी पसंत केलेल्या कामाला मी कोण नाव ठेवणार? मी गप्प बसले आणि बेअरिंग नाशिकला गेली. दोन दिवस मला अन्न गोड लागेना. धातू सुटला असता तर शिंद्यांचा शाफ्ट कायमचा गेला असता, आणि दुसरा शाफ्ट कुठे मिळणार नव्हता. तिसऱ्या दिवशी मी गाळ्यावर जाऊन सगळं सांगून टाकलं.

काकांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"सहा महिने झाले, मला तो आवाज येत नाही," ते म्हणाले. "कुणाला सांगूचो धीर झालो नाय."

तिथल्या तिथे त्यांनी शिंद्यांना फोन लावला. माझ्याकडून चूक झाली आहे, इंजिन चालू करू नका, एवढंच सांगितलं. कुणावर ढकललं नाही, वयाचं कारण दिलं नाही. बेअरिंग परत आली. छिन्नी लावताच धातू पोळीचा पापुद्रा सुटावा तसा निघाला. काकांनी तो तुकडा खिळ्याला टांगला. तो अजून तिथेच आहे. दुसरी बेअरिंग घेऊन ते स्वतः नाशिकला गेले.

मला भीती होती की ते आता गाळा बंद करतील. झालं उलटंच. त्यांनी कानाला यंत्र लावलं, पण पहिल्याच दिवशी त्यांना चहाच्या किटलीचं झाकणही खणखणीत वाजतंय असं वाटलं, म्हणून परीक्षेच्या कामातून ते यंत्र बाद झालं. मग त्यांनी एक रीत घातली. बेअरिंग टांगायची, काम शिकायला येणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकाने ठोकायची, आणि त्या वेळी काका भिंतीकडे तोंड करून उभे राहणार. का, ते मी विचारलं. ते म्हणाले, "माझ्या तोंडाकडे बघून ऐकता तुम्ही. आता बेअरिंगचं ऐका."

गेल्या शनिवारी मी एक बेअरिंग ठोकली. दिवसभराची मेहनत होती, काकांच्याच हातची. ते पाठमोरे उभे होते. मी म्हटलं, काका, बद्द आहे. ते वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसा मी कधी चांगली बेअरिंग वाजल्यावरही पाहिला नव्हता. "वितळवा," ते म्हणाले आणि भट्टी पेटवायला स्वतःच पुढे झाले.

काका, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आणखी पुष्कळ वर्षं तुम्ही त्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा. मागे आम्ही आहोत, आणि जे ऐकू येईल तेच सांगू.