एल्बोच्या आरपार

आमच्या शिडाच्या होडीच्या डिझेल इंजिनाचा जुना एल्बो काढला आणि डोळ्याला लावला, तर पलीकडची खाडी मोहरीएवढी दिसली. बाकी सगळी काजळी आणि मीठ. इंजिनाचा तापलेला धूर आणि समुद्राचं गार पाणी या किंचित वाकलेल्या नळीत भेटतात आणि होडीच्या मागून बाहेर पडतात. महिनाभर इंजिन गुदमरत होतं आणि मी डिझेलला नावं ठेवत होतो.

"अहो, ओहोटी लागली!" वरून बायको ओरडली. "आज पुन्हा चिखलात रुतलो, तर होडी विकायची. ठरलंय ना?"

ठरलं होतं. तरी ती नळी हातातून सुटेना. एकीकडून आग, दुसरीकडून खारं पाणी, आणि मध्ये राहून दोघांना वाट करून द्यायची. असं कुणीतरी घराघरांत असतं. ते आतून बुजत जातं, आणि आपण भलतीकडेच पाना फिरवत बसतो. हे मी तिला ऐकवलंसुद्धा.

"प्रवचन नंतर. आधी नवा बसवा."

बसवला. इंजिन सुरू करून मी छाती काढून वर आलो.

"नुसता धूर येतोय," ती मागे वाकून म्हणाली. "पाणी कुठाय?"

कामाआधी बंद केलेला पाण्याचा कॉक उघडायलाच विसरलो होतो! इंजिन बंद करून खाली धावलो, कॉक उघडला, पुन्हा इंजिन सुरू केलं. मागून पिचकारी उडाली तेव्हा काठाचा चिखल दिसू लागला होता. कसेबसे निघालो.

खाडीच्या तोंडाशी तिने जुना एल्बो उचलून माझ्यावर रोखला.

"काय दिसतंय?"

"मोहरीएवढे आहात," ती म्हणाली. "पण दिसताय अजून."