तिसावी गाठ

पावतीवर पुन्हा एकोणतीस.

मी ती उजेडाकडे धरून बघितली, उलटी करून बघितली. हुबळीच्या कापडव्यापाऱ्याच्या कारकुनानं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, गाठी एकोणतीस पोचल्या, एक कमी. सोलापुरातून मी स्वतः तीस मोजून चढवल्या होत्या. आणि ही सलग तिसरी खेप होती.

तेव्हा मी सोलापुरात एका मोटार सर्व्हिसमध्ये बुकिंग मास्तर होतो. पदवी मोठी वाटते, काम साधं. आलेला माल मोजायचा, गाठीवर शाईनं नंबर घालायचा आणि बिल्टी फाडायची. बिल्टी म्हणजे मालाबरोबर जाणारी चिठ्ठी. तिकडचा माणूस माल मोजून घेतो, तिच्यावर सही करतो आणि ती ड्रायव्हरबरोबर परत येते. आमचा माल म्हणजे साड्या, गोणपाटात शिवलेल्या. रेल्वेनंही तो जायचा, पण होटगीला मोठ्या गाडीतून उतरवून लहान रुळांच्या गाडीत चढवावा लागे. आमची लॉरी सोलापुरात दारातून उचलायची ती हुबळीत दारात टाकायची. मध्ये कुणाचा हात लागत नाही, असं आम्ही व्यापाऱ्यांना छातीठोकपणे सांगायचो. आता मध्ये कुणाचा तरी हात लागत होता, हे उघड होतं.

माझा स्वभाव मुळातच संशयी. त्यात हे काम म्हणजे आगीत तेल. मी विचार केला, दर खेपेला एकच गाठ जाते, दोन नाही. म्हणजे चोर हावरा नाही, बेरकी आहे. रस्त्याची माहिती असलेला आहे. आणि लॉरीत माणसं दोनच, ड्रायव्हर बिराप्पा आणि क्लीनर. क्लीनर दर खेपेला वेगळा असायचा. राहिला बिराप्पा.

बिराप्पा मंद्रूपचा धनगर. मेंढरं सोडून मोटारीच्या नादाला लागला आणि तीन वर्षांत आमचा पहिल्या नंबरचा ड्रायव्हर झाला. दारू नाही, विडी नाही. मला तर त्याचाही संशय येऊ लागला. इतका सरळ माणूस असतो का कुठे? शिवाय मंद्रूप आमच्या विजापूर रस्त्यावरच. क्लीनरांना खोदून विचारलं तेव्हा कळलं, बिराप्पा जाताना-येताना मंद्रूपला गाडी उभी करतो. मी त्याला बोलावून विचारलं, कशाला थांबतोस? तो म्हणाला, रेडिएटरात पाणी घालायला.

"सोलापुरात काठोकाठ पाणी भरून निघतोस. मंद्रूपपर्यंत संपतं होय?"

तो खाली बघत गप्प बसला. माझ्या लेखी तो कबुलीजबाबच होता.

मी मालकांच्या कानावर घातलं. त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो. अप्पा म्हणाले, घराची झडती घे, मग पोलिसांकडे जाऊ. दुसऱ्या दिवशी बिराप्पाला बरोबर घेऊन मी मंद्रूपला गेलो. गावच्या पाटलांना सोबत घेतलं. झडती म्हटल्यावर निम्मं गाव दारात जमलं. बिराप्पाची आई मेंढरांच्या वाड्याशी काठी धरून उभी होती.

माळ्यावर घडी घालून ठेवलेली तीन गोणपाटं सापडली. तिन्हींवर माझ्या हातचे नंबर. तीन खेपा, तीन गाठी, तीन गोणपाटं. अजून काय पाहिजे होतं? मेंढरांच्या वाड्यावरही जुनी गोणपाटं शिवून टाकलेली होती. त्यांच्यावरही माझे नंबर होते, पावसानं पुसट झालेले. ती मी बघितली आणि सोडून दिली. ही चूक इथेच लिहून ठेवतो, पुढे लागेल.

बिराप्पा म्हणाला, "मास्तर, ती माजीच हायत. पैल्या गाठीचं गोणपाट डायव्हरला देत्यात तितं. लाबाची गाठ."

मला ऐकू आलं 'लांबची गाठ'. मला वाटलं, आता हा बाता मारायला लागला. मी म्हणालो, लांबची काय नि जवळची काय, साड्या कुठे विकल्यास ते बोल. पाटलांनी मान हलवली. लोक आपसात कुजबुजत पांगले.

मी पोलिसांसाठी अर्ज लिहिला. पण द्यायच्या आधी मला पुरावा पक्का करायचा होता. पुढची खेप दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर पाठवायची आणि मी स्वतः लॉरीत बसून जायचं. बिराप्पा नाही आणि तीस गाठी पोचल्या, की त्याचा गुन्हा शाबीत. अर्ज घडी घालून मी कोटाच्या खिशात ठेवला. बिराप्पाला सांगून टाकलं, मी येईपर्यंत घरी बस, नंतर तुझं काय ते सरकार बघेल.

मी ड्रायव्हरशेजारी बसलोच नाही. मागे गाठींवर बसलो. धुळीनं भुवया पांढऱ्या झाल्या, हाडं खिळखिळी झाली. भीमेपाशी गाडी हळू झाली तेव्हा दोन्ही बाजूंना नजर ठेवली. विजापुरात जेवायलाही उतरलो नाही, भाकरी वरच खाल्ली. कुणी गाठीला बोटसुद्धा लावलं नाही.

हुबळीत व्यापाऱ्याची गल्ली अरुंद. लॉरी तोंडाशीच उभी राहायची आणि हमाल गाठ पाठीवर घेऊन आत जायचे. गल्लीत आधी दुकान लागतं आणि वळणापलीकडे गोदाम. मी लॉरीच्या मागे उभा राहून एकेक गाठ मोजली. तीस. अर्जावर हात ठेवून मी मनात म्हटलं, सापडलास बिराप्पा.

थोड्या वेळानं कारकून बिल्टी घेऊन आला. नवा, तरुण, कोकणातून आलेला पोरगा. अक्षर मात्र मोत्यासारखं. लिहिलं होतं एकोणतीस.

ज्या गाठींवर मी दिवसभर बूड टेकून आलो, त्यातली एक गेली कुठे? आता मला या पोराचाच संशय आला, आणि त्याच्या तोंडाकडे बघून कळत होतं, की त्याला माझा येतोय.

"मी गोदामाच्या दारात उभा होतो," तो म्हणाला. "आत आलेल्या प्रत्येक गाठीला एक रेघ मारली. एकोणतीस रेघा आहेत."

"आणि मी लॉरीपाशी होतो. तीस उतरल्या."

दोघांपैकी एक खोटा, हे दोघांनाही पटलेलं होतं. मी म्हाताऱ्या हमालाला हाक मारली. आमच्या घरी कानडी बोलतात, त्यामुळे अडचण नव्हती. म्हटलं, तू कसं मोजलंस ते पहिल्यापासून म्हणून दाखव. तो बोटं मोजत म्हणाला, "लाभ, एरडु, मूरु, नाल्कु..."

लाभ, दोन, तीन, चार. आमच्याकडेही आजोबा जोंधळा मोजताना पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. बिराप्पा लांबची म्हणाला नव्हता. लाभाची म्हणाला होता.

मी हमालाला विचारलं, ती लाभाची गाठ कुठे आहे? त्यानं दुकानाकडे हात केला. "अंगड्याग."

दुकानात देवाच्या कोनाड्याखाली गाठ ठेवली होती, हळदकुंकू लावून. पहिली गाठ गोदामात जातच नसे. ती दुकानात यायची, देवापुढे उघडायची आणि तिच्यातली साडी आधी विकायची. पूर्वीचा कारकून गोदामातल्या गाठींत ही एक मिळवून पावती लिहायचा. तो काम सोडून गावी गेला आणि नव्या पोराला हे कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, हे काय सांगायचं? शेटजींना लाभाची गाठ रोज समोर दिसत होती, पण ती पावतीत नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

दुकानातला नोकर माझ्यासमोरच गाठीची शिवण उसवत होता. त्यानं गोणपाट झटकलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, हे तुमच्या ड्रायव्हरचं.

वाड्यावरची ती पुसट नंबरांची गोणपाटं आता डोळ्यांसमोर आली. ती तक्रारीच्या कितीतरी आधीची होती. तेव्हा तर सगळ्या गाठी पोचत होत्या. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. अर्ज तिथेच फाडला.

परत येताना मंद्रूपला उतरलो. बिराप्पाला बाजूला घेऊन सांगू लागलो, तर त्यानं हात वर करून थांबवलं.

"झडती समद्या गावासमोर घेतली न्हवं? मग हे माज्या कानात सांगू नगा."

म्हणून बाजाराच्या दिवशी पुन्हा गेलो. लॉरीच्या पायरीवर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, लाभाच्या गाठीपासून माझ्या कानापर्यंत. काही लोक हसले, पाटील इकडेतिकडे बघू लागले. बिराप्पाची आई पुढे आली.

"मंजी चोर कोनच न्हवता?"

"नाही, आजी. कुणीच नव्हता."

"मग झडती कुनाची घेतली?"

मी पायरीवरून उतरलो.

अप्पांनी बिराप्पाला कामावर परत घेतलं. मी बिल्टीवर एक रकाना वाढवला, 'मोजणारा कुठे उभा होता'. इतर बुकिंग मास्तर त्याला हसायचे. पण किती मोजले याच्याआधी कुठून मोजले हे विचारावं, एवढंच मी त्या नोकरीत शिकलो. पुढे कित्येक वर्षं हुबळीची एकही गाठ कमी आली नाही.

फक्त बिराप्पा मंद्रूपला गाडी थांबवेनासा झाला. आई रस्त्याच्या कडेला उभी असली तरी पुढे निघून जायचा, असं क्लीनरनं सांगितलं. शेवटी मीच त्याला म्हटलं, अरे थांबत जा की, पाणी घालायला.

तो गाडी सुरू करायला हँडल मारण्यासाठी वाकला होता. तसाच वाकून म्हणाला, "पानी सोलापुरातच काठोकाठ भरल्यालं असतंय की, मास्तर."